चॅनेल, साउंड, फ्योर्ड: सगळ्यांना ‘खाडी’ म्हणावे का?

प्रश्न: ध्रुवीय किनाऱ्यांवरच्या चॅनेल, साउंड, फ्योर्ड अशा सगळ्या नावांना मराठीत सरसकट ‘खाडी’ म्हणतात. ते बरोबर आहे का?

उत्तर १: माझ्या मते मुळीच नाही. खाडी आत शिरून संपते, सामुद्रधुनी (चॅनेल, बरेचदा साउंडही) दोन्ही तोंडांना उघडी असते. फ्योर्ड म्हणजे हिमनदीने कोरलेली आणि नंतर समुद्राने भरलेली दरी. तिला फ्योर्डच म्हणावे.

या फरकापायी माणसे गेली आहेत. १८९२मध्ये अमेरिकन संशोधक रॉबर्ट पिअरी ईशान्य ग्रीनलंडच्या एका कड्यावर पोहोचले. समोरची जमीन वेगळे बेट आहे असा त्यांचा समज झाला आणि मधल्या पाण्यासाठी नकाशावर ‘पिअरी चॅनेल’ आले. १९०७मध्ये डॅनिश मोहिमेचे म्युलियस-एरिक्सन आणि त्यांचे दोन सोबती त्याच नकाशाच्या भरवशावर निघाले, डॅनमार्क फ्योर्डमध्ये भरकटले आणि परतीच्या वाटेवर तिघेही दगावले. चॅनेल अस्तित्वातच नाही, अशी त्यांनी लिहून ठेवलेली चिठ्ठी १९१०मध्ये डॅनिश संशोधक आयनार मिकेलसन यांना दगडांच्या राशीत सापडली. पिअरींना दिसलेले पाणी आज इंडिपेंडन्स फ्योर्ड म्हणून ओळखतात.

उत्तर २: अंटार्क्टिकातही तेच. डिसेंबर १९२८मध्ये ऑस्ट्रेलियन संशोधक ह्यूबर्ट विल्किन्स यांना विमानातून एक सपाट पांढरा पट्टा दिसला. तो अंटार्क्टिक द्वीपकल्पाला आरपार छेदतो असे वाटून त्यांनी ‘केसी चॅनेल’ नाव दिले. जॉन रायमिल यांच्या १९३४–३७च्या मोहिमेने असे चॅनेल नाहीतच हे दाखवले. आज ते ‘केसी ग्लेशियर’, म्हणजे हिमनदी आहे. ‘केसी’सारखे पूर्वपद बहुतेकदा माणसाच्या सन्मानार्थ असते, ते टिकते. ‘चॅनेल’सारखे उत्तरपद भूगोलाबद्दलचे विधान असते, ते पुराव्यानिशी बदलते. म्हणून पूर्वपदाला हात लावू नये, उत्तरपद मात्र आजच्या सर्वेक्षणाप्रमाणे लिहावे.

अंटार्क्टिकात नावे ठरवणारी एकच संस्था नाही, प्रत्येक देशाची समिती वेगळी. याच द्वीपकल्पासाठी अमेरिकेचे ‘पामर पेनिन्सुला’ आणि ब्रिटनचे ‘ग्रॅहम लँड’ हा वाद १९६४मध्ये ‘अंटार्क्टिक पेनिन्सुला’वर मिटला, चिली आणि अर्जेंटिना आपापली नावे आजही वापरतात.

प्रश्नकर्ता: मग ‘जॉर्ज सहावा साउंड’चे काय? तिथे तर उघडे पाणी फारसे दिसतच नाही.

उत्तर १: तरीही सामुद्रधुनीच. वर आहे तो तरंगता बर्फ, खाली समुद्र सलग आहे. अलेक्झांडर बेट मुख्य भूमीपासून वेगळे आहे ते याच पाण्यामुळे. १८२१मध्ये रशियन मोहिमेचे प्रमुख बेलिंग्सहाउझेन यांनी त्याला ‘लँड’ म्हटले होते. ते बेट आहे हे १९४०च्या स्लेज-प्रवासात सिद्ध झाले.