अलॉय की स्टील: आधी रस्ता बघा
गाडीला स्टीलऐवजी अलॉयची, म्हणजे हलक्या मिश्रधातूची चाकं लावली की मायलेज वाढतं, असं म्हणतात. त्याच मापाची, खरंच हलकी अलॉय असेल तर थोडंफार. पण १४ इंची स्टील काढून शोभेसाठी १६ इंची रुंद अलॉय चढवली तर उलट घटतंच. शिवाय टायरची बाजू बुटकी होते, मग मुंबई-गोवा महामार्गावरचा खड्डा थेट रिमला बसतो. स्टीलची कड वाकली तर टायरवाला हातोड्याने ठोकून सरळ करतो, काम भागतं. अलॉयला बारीक तडा गेला की हवा हळूहळू उतरत राहते, आणि तिथल्या वेल्डिंगवर मी तरी भरवसा ठेवणार नाही. हां, रंग उडाला की कोकणच्या हवेत स्टील गंजतं, हे मान्य. अलॉयवाल्या बऱ्याच गाड्यांत स्टेपनी स्टीलचीच असते. तिला वेगळे नट लागतात का, तेवढं विचारून घ्या.