मदत हवी आहे : पॅरा जलतरणातील वर्गीकरण

माझ्या मालवणच्या पुतण्याला उजवा पाय गुडघ्याखाली नाही; तो खाडीत उत्तम पोहतो, मात्र तलावात वळताना भिंतीला एकाच पायाचा रेटा मिळाल्याने मागे पडतो. पॅरा जलतरणात, म्हणजे दिव्यांगांच्या पोहण्याच्या स्पर्धांत, शारीरिक दिव्यांगत्वासाठी फ्रीस्टाइलचे एस १ ते एस १० आणि ब्रेस्टस्ट्रोकचे एसबी १ ते एसबी ९ असे वेगळे वर्ग आहेत, कारण ब्रेस्टस्ट्रोकमध्ये पायांवर अधिक भिस्त असते, हे पटते. परंतु खेळाडूचा वर्ग ठरवण्यासाठी स्नायूंची ताकद, सांध्यांची हालचाल आणि नंतर पाण्यातील प्रत्यक्ष पोहणे तपासताना, सरावाने कमावलेले कौशल्य दिव्यांगत्वापासून वेगळे कसे ओळखतात? वैद्यकीय कागदपत्रांत नेमके काय नमूद असावे? सिंधुदुर्ग-रत्नागिरीतील कुणी या तपासणीतून गेले असल्यास कृपया सविस्तर कळवावे.