जिप्सम बोर्डच्या भिंतीला भोक पडलंय, कसं बुजवू?

धडपड्या:
दाराचं हँडल आपटून आपटून मागच्या जिप्सम बोर्डच्या भिंतीत तळहाताएवढं भोक पडलंय, आत सगळं पोकळ. मी शहाणपणा करून कागदाचे बोळे कोंबले आणि वरून जाडजूड पुट्टी थापली, दोन दिवसांत तडकली आणि ढेपळा खाली. टीव्हीच्या स्क्रूची चार भोकं आहेत ती वेगळीच. अख्खा बोर्ड बदलावा लागेल का?

घासपेपर:
छे, बोर्ड कशाला बदलताय. स्क्रूची भोकं किरकोळ आहेत, कडेचा फुगलेला कागद कटरने काढा, फिलर दाबून भरा, वाळला की घासा. मोठ्याला मात्र मागून टेकू हवाच. भोक चौकोनी कापून घ्या, पण आधी आत वायर जाते का ते बघा आणि मेन स्विच बंद करा. चौकोनापेक्षा दोन्हीकडे दोन-दोन इंच लांब लाकडी पट्टी तिरकी करून आत सरकवायची, धरून ठेवायची आणि बोर्डातून 25 मिमीचे स्क्रू मारायचे. मग त्याच जाडीचा तुकडा पट्टीवर बसवा (बऱ्याचदा 12.5 मिमी असतो, तरी मोजा). सांध्यावर जाळीची टेप. स्क्रूचं डोकं किंचित आत जाऊ दे पण कागद फाटला की पकड गेलीच समजा.

रिकामा_डबा:
तळहाताएवढ्याला एवढा खटाटोप? तुकडा चारी बाजूंनी दोन इंच मोठा घ्या, मागून कापून कडेचं जिप्सम सोला, पुढचा कागद तसाच ठेवा. कडेने उरलेल्या त्या कागदाच्या झालरीखाली कंपाउंड (बोर्डाचे सांधे भरायची लापी) लावून चिकटवा, टेपही नको. अर्थात हँडल परत तिथेच आपटणार असेल तर पट्टीच बरी.

घासपेपर:
हो, हेही चालतं. आणि तडकलं ते जाड थरामुळे, डब्यातलं कंपाउंड पाणी उडून वाळतं म्हणून आकसतं. पातळ तीन हात मारा, प्रत्येक आधीच्यापेक्षा रुंद. घासताना मास्क लावा, धूळ भयंकर उडते. रंगाआधी प्रायमर नाही मारला तर ठिगळ कायम दिसत राहणार, मी भोगलंय.

धडपड्या:
झालरवालं करतो. दोन हातांमध्ये किती थांबू?

रिकामा_डबा:
ओलं असतं तिथे गडद दिसतं, सगळं एकसारखं पांढरं झालं की पुढचा हात. साधारण 24 तास धरा, दमट हवेत जास्त. आणि आधी दाराला स्टॉपर लावा हो!