मुंबई ते न्यूयॉर्क : अंतर १२,५०० किलोमीटर, मग प्रवास १६ तासांचा कसा?

प्रश्न (सातारकर) :
जुलैमध्ये आई-वडिलांना घेऊन मुंबईहून थेट विमानाने न्यूयॉर्कला जायचे आहे. दोन्ही शहरांमधले हवाई अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर दिसते; विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटर धरला, तर प्रवास १४ तासांत आटोपायला हवा. तिकिटावर मात्र रात्री १ वाजता प्रस्थान आणि त्याच दिवशी सकाळी साडेसातला आगमन, म्हणजे कागदावर साडेसहाच तास! परतीचे विमान दुपारी साडेबाराला सुटून दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबारालाच पोहोचते. आईला मधुमेह असल्याने जेवणाची आणि गोळ्यांची वेळ आधी बसवावी लागेल, म्हणून विचारतो : प्रत्यक्षात किती तास जाणार?

उत्तर (घड्याळजी) :
तिकिटावर दोन्ही वेळा त्या-त्या गावच्या असतात. जुलैत न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते, त्यामुळे जाताना साडेसहा अधिक साडेनऊ असे १६ तास आणि येताना २४ वजा साडेनऊ असे साडेचौदा तास लागतील. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथली घड्याळे एक तास मागे जातात आणि हाच फरक साडेदहा तासांचा होतो. आईंच्या हातातले घड्याळ उतरेपर्यंत मुंबईच्याच वेळेवर राहू द्या. गोळ्यांचे मात्र डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

उत्तर (नकाशावेडा) :
१२,५०० हे पृथ्वीगोलावरचे सर्वांत जवळचे अंतर आहे. भिंतीवरच्या नकाशात पट्टी ठेवली, तर वाट अरबस्तान आणि सहारावरून जाते व ती सुमारे १४,२०० किलोमीटर भरते. पण पृथ्वीच्या गोलावर मुंबई आणि न्यूयॉर्क यांच्यामध्ये दोरा ताणून पाहा, तो अफगाणिस्तान, मॉस्कोचा परिसर, फिनलंड आणि आइसलँडच्या दक्षिणेकडून जातो. माझ्या मुलीच्या शाळेच्या गोलावर हे करून पाहिले तेव्हा घरात कोणाचाच विश्वास बसेना. अर्थात विमान दोऱ्यावरून उडत नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपली हवाई हद्द भारतीय विमानांना बंद केली, तर २०२२ पासून अमेरिकी विमानांना रशियावरून जाता येत नाही. त्यामुळे कोणत्या कंपनीचे विमान आहे यावरही वळसा ठरतो. शिवाय तिकिटावरच्या वेळेत धावपट्टीपर्यंत रांगत जाण्याची मिनिटेही धरलेली असतात.

सातारकर :
आभारी आहे. पण पृथ्वी पूर्वेकडे फिरते, तर पश्चिमेला जाणारे विमान लवकर पोहोचायला नको का?

उत्तर (घड्याळजी) :
नाही, वातावरणही पृथ्वीबरोबरच फिरते आणि विमान त्या हवेतच उडते. येताना वेळ वाचतो तो वाऱ्यामुळे. सुमारे १० किलोमीटर उंचीवर, मध्यम अक्षांशांत, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान प्रवाह असतात, ज्यांना जेट प्रवाह म्हणतात. जाताना ते तोंडावर येतात आणि येताना पाठीवर. समोरच्या पडद्यावर जमिनीच्या सापेक्ष वेग दिसतो, तो पाहत राहा : हवेतला वेग तोच असूनही एकदा ताशी ८०० च्या आसपास, तर एकदा हजाराच्या वर आकडा मी स्वतः पाहिला आहे. हिवाळ्यात हे प्रवाह अधिक जोरदार असतात, त्यामुळे जाण्या-येण्यातला फरक जुलैपेक्षा जानेवारीत जास्त जाणवतो.