'पानितिकान' : साहित्य म्हणावं की वाङ्मय?

प्रश्न : फिलिपिन्सच्या साहित्याच्या इतिहासावर मराठीत टिपण करतो आहे. तिथल्या तागालोग भाषेत साहित्याला 'पानितिकान' म्हणतात. त्याला 'साहित्य' म्हणू की 'वाङ्मय'? शिवाय 'आवित' हा शब्द एका ठिकाणी 'गाणं' अशा अर्थाने आला आणि दुसरीकडे एका दीर्घ काव्याला लावलेला दिसला. काय समजावं?

उत्तर : 'पानितिकान'च्या पोटात 'तितिक' म्हणजे अक्षर आहे. म्हणजे जे अक्षरांत उतरलं ते पानितिकान. पण तिथल्या इतिहासाचा पहिला मोठा टप्पा कंठात होता. उत्तर लुझोन बेटावरच्या इफुगाव लोकांचं 'हुदहुद' हे कथागान भातपेरणीला, कापणीला आणि मृताच्या जागरणाला गातात, आणि त्यात पुढाकार बहुधा वयस्क बाईचा असतो. मिंदानाव बेटावरच्या मारानाव लोकांचं 'दारांगेन' हे महाकाव्य, इलोकानो लोकांची लाम-आंग या वीराची गाथा, 'बुगतोंग' म्हणजे कोडी, 'सालावीकाइन' म्हणजे म्हणी, सात-सात अक्षरावयवांच्या (म्हणजे उच्चारातल्या सिलॅबलांच्या) चार ओळींची 'तानागा' ही कविता, हे सगळं आधी ऐकलं गेलं, कागदावर फार नंतर आलं. 'वाङ्मय' शब्दात वाणी आहे, म्हणून या टप्प्यासाठी मी निःशंकपणे 'वाङ्मय' लिहीन. छापील काळापासून पुढे 'साहित्य' चालेल.

याचा अर्थ त्यांना लिपी नव्हती असा मात्र कृपया लिहू नका. ही चूक फार ठिकाणी दिसते आणि ती त्या लोकांवर अन्याय करणारी आहे. 'बायबायिन' लिपी स्पॅनिश लोक येण्याआधीपासून होती, आणि १५९३ साली मनिलात छापलेल्या 'दोक्त्रिना क्रिस्तियाना' या ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या पुस्तकात तागालोग मजकूर रोमन आणि बायबायिन अशा दोन्ही लिप्यांत आहे. बांबू, पानं असल्या नाशिवंत गोष्टींवर लिहिलेलं टिकलं नाही, एवढंच. त्याहून जुना मनिलाजवळच्या लगुना प्रांतात सापडलेला ताम्रपट. तो कर्जमाफीचा दस्तऐवज आहे, साहित्य नाही. तरी त्याची सुरुवात मराठी माणसाने एकदा वाचावीच : स्वस्ति, शकवर्ष ८२२, वैशाख मास, कृष्णपक्षातली चतुर्थी, सोमवार. म्हणजे इ.स. ९००. लिपी कावी (जुनी जावानी), भाषा जुनी मलय, आणि कालगणना आपल्याच शकाची.

आता 'आवित'. मूळ अर्थ गाणं, आणि आजही रोजच्या बोलण्यात तोच. काव्यप्रकार म्हणून 'आवित' म्हणजे बारा अक्षरावयवांच्या चार-चार ओळींच्या कडव्यांत सांगितलेली प्रेम-शौर्याची कथा. त्याचा जोडीदार 'कोरिदो', आठ अक्षरावयवांचा. कवी फ्रान्सिस्को बालागतासचं 'फ्लोरांते आत लाउरा' (१८३८) हे आवित. त्याला 'महाकाव्य' म्हणू नये, 'गीत' तर नाहीच. 'आख्यानकाव्य' सर्वांत जवळचं : कथा एक, कडवी अनेक, आणि सादर करताना चाल लावून म्हणण्याची सोय.

आणखी एक मत : 'आख्यानकाव्य' पटलं. पण शीर्षकात 'फिलिपिनो साहित्य' लिहिणार असाल तर जपून. मराठी वाचक तो भाषेचा शब्द समजेल. १९३७ साली तागालोगला राष्ट्रभाषेचा पाया मानलं, १९५९ पासून तिला 'पिलिपिनो' म्हणू लागले, आणि १९८७ च्या राज्यघटनेने 'फिलिपिनो' ही राष्ट्रभाषा ठरवली. होसे रिझालच्या 'नोली मे तांगेरे' (१८८७) आणि 'एल फिलिबुस्तेरिस्मो' (१८९१) या कादंबऱ्या स्पॅनिशमध्ये आहेत. अमेरिकन अंमलात शाळा इंग्रजी झाल्या आणि एका पिढीत कथालेखन इंग्रजीत सुरू झालं. पास मार्केस बेनितेस यांची 'डेड स्टार्स' ही कथा १९२५ ची. लेखक निक होआकिनही इंग्रजीत लिहीत. इलोकानो, सेबुआनो, हिलिगाइनोन या भाषांची परंपरा वेगळीच. म्हणून 'फिलिपिन्सचं साहित्य' हा शब्दप्रयोग ठेवा, त्यात सगळे मावतात. जपानी अंमलात (१९४२-४५) इंग्रजी मागे रेटली गेली आणि तागालोग लेखनाला जागा मिळाली, हेही टिपणात यावं. कालखंड बदलला की तिथे भाषाच बदलते.

प्रश्नकर्ता : दोघांचेही आभार. आणखी एक शंका. 'काथा', 'बालिता', 'सिंता' असे शब्द दिसतात. ते आपलेच ना? मग जसेच्या तसे वापरू का?

उत्तर : मूळ संस्कृतच, बहुतेक मलय-जावानी वाटेने गेलेले. पण तिथे पोचल्यावर त्यांनी आपला संसार थाटला, आणि अनुवादकाने त्या संसाराचा मान ठेवायला हवा. 'काथा' म्हणजे रचलेली, कल्पिलेली गोष्ट. त्यावरून 'माइक्लिंग काथा' म्हणजे लघुकथा. इथे 'कथा' बिनधास्त वापरा. 'बालिता' म्हणजे बातमी, मूळ 'वार्ता'. अर्थ जागेवर आहे. 'लिखा' हे 'लेख'वरून, पण अर्थ 'निर्माण करणं' असा पसरला आहे, तेव्हा 'मानलिलिखा'ला लेखक म्हणाल तर फसाल. विणकर आणि मूर्तिकारही मानलिलिखाच.

सर्वांत जपायचा 'सिंता'. मूळ 'चिंता', पण तागालोगमध्ये तो प्रेम झाला, प्रियजन झाला. मनात सतत कुणाचा तरी घोर असणं म्हणजेच प्रेम, असा अर्थ तिथे सरकत गेला असावा असं मला वाटतं. बालागतासच्या त्याच आवितात शाळेतल्या मुलांनाही पाठ असलेलं कडवं आहे : 'ओ, पागसिंतांग लाबिस नांग कापांग्यारिहान'. त्या कडव्याचा भाव असा : हे प्रेमा, तुझी सत्ता अफाट, बापलेकांनाही तू कवेत घेतोस, आणि ज्याच्या काळजात शिरतोस तो तुझ्या हुकमासाठी बाकी सगळं पायदळी तुडवतो. इथे 'हे चिंते' असं लिहिलं तर कडवं संपलंच. टिपणात हे कडवं घेणार असाल तर 'प्रीती' लिहा. बारा अवयवांच्या ओळीत 'प्रेम'पेक्षा तो सहज बसेल.