मदत हवी: रविवारच्या आरसी (रिमोटवरची विमानं उडवणाऱ्या) मंडळींना ग्लायडर स्पर्धेकडे कसं वळवायचं?

अंजनेरीवारा: नाशिककर, लवकर सुचवा, याच महिन्यात ठरवायचंय. आमचा रविवारचा ग्रुप उडवतो मस्त, पण स्पर्धा म्हटली की सगळे अंग काढून घेतात. "घड्याळ लावून कशाला उडवायचं?" मोटर बंद ठेवून थर्मलवर, म्हणजे वर जाणाऱ्या गरम हवेवर, चढण्यातली मजा त्यांना एकदा कळायला हवी. काय करू?

बाल्सापंत: विमानं कोणती? वर्ग कोणता? मैदान कुठे?

अंजनेरीवारा: विमानं नेहमीचीच. वर्ग एफ५जे, म्हणजे मोटरने चढवायचं आणि मग मोटर बंद करून तरंगत ठेवायचं, दुसरा कोणता!

बाल्सापंत: नेहमीची म्हणजे फोमची ट्रेनर, शिकाऊंची विमानं ना? मग दहा मिनिटं हवेत राहायचं लक्ष्य ऐकूनच लोक पळणार. एफ५जेत मोटर फार तर ३० सेकंद, वर चढलेल्या उंचीचे २०० मीटरपर्यंत मीटरमागे अर्धा गुण वजा, त्यापुढे ३. त्याला उंची नोंदवणारा लॉगर लागतो. ट्रेनरवाल्याकडे तो कुठला?

हातफेक: एफ५जे सोडा, एफ३के करा. पंख दीड मीटरच्या आत, मोटर नाही. टोकाला धरून गरकन फिरायचं आणि फेकायचं. मी तेच उडवतो.

बाल्सापंत: आणि खांदा भरला की? शिवाय प्रत्येकाने नवं विमान घ्यायचं?

हातफेक: मी पन्नाशीचा आहे, मला जमतं.

द्राक्षबाग_दिंडोरी: बागेत फवारणीला ड्रोन कोणता घ्यावा? १० लिटरची टाकी हवी.

पेठरोड: दादा, त्याला वेगळा धागा काढा. अंजनेरीवारा, जागेचं पाहिलंत का? ओझर विमानतळ, गांधीनगरची धावपट्टी, देवळालीचं लष्कर, हे सगळं आपल्याच भोवती. डिजिटल स्काय या सरकारी साइटच्या नकाशावर ग्रीन झोन, म्हणजे उडवायला मोकळा भाग, तपासा. तिथेही ४०० फूट, म्हणजे साधारण १२० मीटरच.

अंजनेरीवारा: जागा सिन्नरकडे आहे, नकाशावर ग्रीन. उंची पाळूच. पण माझा प्रश्न माणसं कशी आणायची हा आहे!

बाल्सापंत: नियमावली पहिल्या दिवशी काढूच नका. ज्याचं जे विमान असेल ते. मोटर २० सेकंद, मग बंद, लक्ष्य दोन मिनिटं. जोड्या लावा, जुन्याबरोबर नवा: एकाने उडवायचं, दुसऱ्याने घड्याळ बघून सेकंद ओरडायचे. ऊन तापलं की नांगरलेल्या रानावर घारी घिरट्या घालतात, तिकडे न्यायला सांगा. एक पंख आपोआप उचलला की त्याच बाजूला वळायचं. मोटर बंद असताना स्वतःचं ट्रेनर वर सरकताना ज्याने पाहिलं, तो पुढच्या रविवारी आपणहून वेळ विचारतो.

हातफेक: लँडिंगला मात्र फार गुण ठेवू नका. एफ५जेत खुणेपासून एक मीटरच्या आत ५० मिळतात, त्या नादात नवखे नाक जमिनीत घालतात. मी एक चक ग्लायडर (हाताने फेकायचं साधं ग्लायडर) आणतो, हवं त्याने फेकून बघावं.

अंजनेरीवारा: जरूर या. जोड्यांचं एकदम पटलं, आजच ग्रुपवर टाकतो. लोकेशन व्यनि करतो.

पेठरोड: मलाही करा. माझ्याकडे जुनं ट्रेनर पडून आहे, चालेल ना?

अंजनेरीवारा: चालेल. बॅटरी चार्ज करून आणा.