ट्रान्झिटिव्ह डिपेंडन्सीचं व्हर्जन बिल्ड टूलने परस्पर ठरवावं का?

क्लासपाथकर
जावाची बिल्ड टूल्स घ्या, मेव्हन काय किंवा ग्रेडल काय, आपण फाईलमध्ये दहा-बारा लायब्रऱ्या लिहितो आणि त्यांच्या मागून त्यांच्या, त्यांच्याही मागून आणखी कुणाच्या अशा शेकड्याने जार (लायब्ररीच्या फाईली) क्लासपाथवर, म्हणजे जावा क्लास शोधतं त्या यादीत, येऊन बसतात. या मागून आलेल्या म्हणजे ट्रान्झिटिव्ह डिपेंडन्सी. त्याबद्दल तक्रार नाही, 2005 च्या मेव्हन 2 पासून ही सोय आहे आणि हाताने लिब फोल्डरमध्ये जार टाकायचे दिवस कुणालाच परत नकोयत. माझं भांडण पुढच्या गोष्टीशी आहे. एकाच लायब्ररीची दोन व्हर्जन्स डिपेंडन्सीच्या झाडात आली की टूल आपल्याला न विचारता एक ठेवतं, दुसरं टाकून देतं आणि बिल्ड हिरवा दाखवतं. हे बंद व्हायला पाहिजे. बिल्ड तिथेच थांबला पाहिजे आणि कुठलं व्हर्जन घ्यायचं ते टीमने बघून, विचार करून, फाईलमध्ये लिहून ठेवलं पाहिजे.

नेहमीचा केस घ्या. आपलं ॲप एक स्टोरेज क्लायंट वापरतं, तो एक युटिलिटी लायब्ररी घेतो आणि ती ग्वावा या गूगलच्या जावा लायब्ररीचं 31 व्हर्जन मागते. दुसरीकडे जुनी रिपोर्टची लायब्ररी थेट ग्वावा 19 मागते. मेव्हनचा नियम म्हणजे झाडात जो जवळ तो जिंकणार, त्यामुळे 19 येतो. आपल्या कोडमध्ये ग्वावाची एक ओळ नाही म्हणून कंपाईल बिनबोभाट होतं, आणि मग प्रॉडवर, म्हणजे खऱ्या वापरातल्या सिस्टमवर, कधीतरी त्या वाटेने रिक्वेस्ट गेली की ग्वावाच्या चेकआर्ग्युमेंट मेथडवर नो सच मेथड एरर. आता ही मेथड तर 19 मध्येही आहे ना? आहे, पण तिथे व्हेरिएबल आर्ग्युमेंटवाली आहे, आणि एक-दोन आर्ग्युमेंटचे वेगळे ओव्हरलोड (त्याच नावाची वेगळी रूपं) 20 मध्ये आले. सोर्समध्ये ओळ अगदी तीच दिसते, बाईटकोडमध्ये, म्हणजे कंपाईल झालेल्या कोडमध्ये, मेथडची सिग्नेचर वेगळी असते. हाडूप आणि हाईव्ह ही मोठ्या डेटाची टूल्स एकत्र लावलेल्या बऱ्याच लोकांनी नेमका हाच एरर बघितलाय.

आणि अंतर सारखं असेल तर काय, तर पॉममध्ये (मेव्हनच्या फाईलमध्ये) जो आधी लिहिलाय तो. म्हणजे कुणी चांगल्या हेतूने डिपेंडन्सीज अक्षरक्रमाने लावल्या तरी प्रॉडवरचं व्हर्जन बदलू शकतं, आणि रिव्ह्यूमध्ये ते कुणालाही दिसणार नाही!

रात्रपाळी
असहमत. दुखणं बरोबर सांगितलंत पण औषध चुकीचं आहे. मोठ्या झाडात अशी टक्कर एखादी नसते, डझनाने असतात, आणि त्यातल्या बहुतेक 2.13.1 विरुद्ध 2.13.3 असल्या निरुपद्रवी असतात. प्रत्येकीवर बिल्ड पाडलात तर माणसं विचार वगैरे करत बसत नाहीत, रिलीज आज असतो, नेटवरून एक्सक्लूजनचा, म्हणजे अमुक डिपेंडन्सी घेऊ नको असं सांगणारा, तुकडा उचलून चिकटवतात आणि पुढे जातात. ते एक्सक्लूजन मग वर्षानुवर्षं तिथेच राहतं, वरची लायब्ररी बदलली तरी, आणि ते का टाकलं होतं हे सांगणारा माणूस तोवर दुसऱ्या कंपनीत गेलेला असतो. ग्रेडल सगळ्यात वरचं व्हर्जन घेतं, माझ्या मते तो डिफॉल्ट पुरेसा शहाणा आहे. तुमच्या उदाहरणात त्याने 31 घेतला असता आणि प्रश्नच आला नसता.

क्लासपाथकर
आला असता, दुसऱ्या बाजूने. ती रिपोर्टची लायब्ररी जर ऑब्जेक्ट्स क्लासमधलं टूस्ट्रिंगहेल्पर वापरत असेल, जुन्या लायब्रऱ्या सर्रास वापरतात, तर ते ग्वावा 21 मध्ये काढून टाकलंय. 31 आला की ती मोडली. वरचं व्हर्जन सुरक्षित हे गृहीत तेव्हाच चालतं जेव्हा लायब्ररीवाले काहीच काढत नाहीत.

गो_वाली
दोघांनाही थोडं थांबवते. टूलने ठरवण्यात वाईट काहीच नाही, कुठल्या नियमाने ठरवतं ते महत्त्वाचं. गो भाषेच्या 1.11 मध्ये, म्हणजे 2018 ला, मॉड्यूल्स (डिपेंडन्सी सांभाळायची पद्धत) आले तेव्हा नियम असा ठेवला की प्रत्येकजण आपल्याला किमान कितवं व्हर्जन लागतं ते सांगतो आणि टूल त्या किमान आकड्यांमधला सगळ्यात मोठा घेतं, त्याच्या वर एक पायरी जात नाही. काल रात्री कुणी नवं व्हर्जन काढलं म्हणून आज सकाळी तुमचा बिल्ड बदलत नाही, फाईलमधल्या ओळींचा क्रम कसाही असला तरी उत्तर तेच येतं. आणि मोडणारे बदल करायचे तर इम्पोर्टच्या पाथमध्येच व्ही2 लिहावं लागतं, म्हणजे जुनं नवं शेजारी शेजारी राहू शकतं. ग्वावाचा घोळ गोमध्ये झाला असता तर ते वेगळंच मॉड्यूल धरलं गेलं असतं.

क्लासपाथकर
ताई, नियम सुंदर आहे, मान्य. पण तो उभा आहे पाथच्या शिस्तीवर. जावामध्ये ती शिस्त कुणावर बंधनकारक नाही, पॅकेजचं नाव तेच ठेवून मेथड काढता येते, आणि साध्या क्लासपाथवर एका नावाचा एकच क्लास लोड होतो. म्हणून तर जावात माणसाने बघायला हवं म्हणतोय.

फ्रंटएंडी
आमच्याकडे जावास्क्रिप्टचं पॅकेज टूल एनपीएम सरळ दोन्ही कॉप्या ठेवतं, भांडण मिटलं असं वाटतं. पण रिॲक्ट या यूआय लायब्ररीच्या दोन कॉप्या आल्या की हुक्स (त्यातली खास फंक्शन्स) मोडतात, त्यामुळे तेही औषध सगळीकडे लागू नाही. शिवाय सगळं नोड मॉड्यूल्स फोल्डरमध्ये वर पसरलेलं असतं म्हणून न लिहिलेलं पॅकेजसुद्धा इम्पोर्ट होतं, एक दिवस मधली लायब्ररी ते वापरायचं सोडते आणि आपला कोड पडतो. पीएनपीएम हे दुसरं टूल यात कडक आहे, लिहिलं नसेल तर सापडतच नाही. मला तेच बरोबर वाटतं.

जुना_जावावाला
फ्रंटएंडींना +1, खरी मेख इथे आहे. जे थेट वापरता ते थेट लिहा, बाकीचं टूलवर सोडा. मेव्हनमध्ये डिपेंडन्सी ॲनालाईझ चालवा, वापरलेलं पण न लिहिलेलं सगळं काढून दाखवतं. बेझल हे बिल्ड टूल तर जावासाठी अशा वेळी बिल्डच पाडतं. ग्रेडलने 2017 मध्ये, 3.4 पासून, एपीआय (आपल्याला वापरणाऱ्यांनाही दिसणाऱ्या) आणि इम्प्लिमेंटेशन (फक्त आतल्या) डिपेंडन्सी वेगळ्या केल्या ते याचसाठी.

रात्रपाळी
ॲनालाईझ स्प्रिंग बूट या जावा फ्रेमवर्कवर चालवून बघितलंय का? सगळे स्टार्टर (लायब्रऱ्यांचे तयार गठ्ठे) न वापरलेले म्हणून दाखवतं आणि त्यांच्या पोटातले जार न लिहिलेले म्हणून, कारण ते फक्त बाईटकोड बघतं, रिफ्लेक्शनने, म्हणजे चालू असताना नावावरून, काय लोड होतं ते त्याला कळत नाही. टीम दोन दिवसात तो रिपोर्ट उघडायचं सोडून देते.

आणि क्लासपाथकर, डिसेंबर 2021 आठवा. लॉगफोरजे या लॉगिंगच्या लायब्ररीत लॉगफोरशेल ही सुरक्षेची त्रुटी सापडली, दुरुस्तीची व्हर्जन्स एकाच महिन्यात 2.15.0, 2.16.0, 2.17.0, 2.17.1. ज्यांनी व्हर्जन टूलवर सोडलं होतं आणि वर एका जागी आकडा बदलला ते संध्याकाळी मोकळे झाले. जागोजागी हाताने ठोकून ठेवलेले आठवडाभर शोधत बसले.

क्लासपाथकर
हे उदाहरण माझ्या बाजूचं आहे. वर एका जागी म्हणजे पॉमच्या डिपेंडन्सी मॅनेजमेंट भागात ना? तिथे माणसाने लिहिलेला आकडा टूलच्या निवडीच्या वर जातो, मी तेच मागतोय, जागोजागी नाही, एका जागी. गूगलच्या ओपन सोर्स टीमने त्याच महिन्यात मोजलं होतं, मेव्हन सेंट्रलवरची 35,000 हून जास्त पॅकेजेस त्या लॉगफोरजेमुळे बाधित होती आणि त्यातली बहुतेक थेट नाही, कुणाच्या तरी मागून. लोक त्या आठवड्यात पहिला प्रश्न विचारत होते तो आपल्याकडे लॉगफोरजे आहे का हा! तुमच्या प्रॉडवर काय चालतंय हे तुम्हाला बातमी आल्यावर शोधावं लागतं, हे मला मान्य नाही. मेव्हनमध्ये तर टाकून दिलेलं व्हर्जन बघायलासुद्धा डिपेंडन्सी ट्री व्हर्बोज करून चालवावी लागते, तेव्हा कुठे ओमिटेड फॉर कॉन्फ्लिक्ट दिसतं.

रात्रपाळी
ठीक, दिसलं पाहिजे यावर माझं दुमत नाही. पण मग एन्फोर्सर या मेव्हन प्लगिनचा डिपेंडन्सी कन्व्हर्जन्स नियम लावू नका, तो प्रत्येक फरकावर पाडतो. रिक्वायर अपर बाउंड डेप्स लावा, कुणी मागितलेल्यापेक्षा खालचं व्हर्जन निवडलं गेलं तरच पडतो. तुमचा 19 विरुद्ध 31 चा केस त्यात पकडला जातो आणि 31 निवडला की गोंगाट होत नाही.

क्लासपाथकर
आणि टूस्ट्रिंगहेल्परचा सुटतो.

जुना_जावावाला
त्यासाठी गूगलचा लिंकेज चेकर आहे, एन्फोर्सरमध्येच नियम म्हणून बसतो. निवडलेले सगळे जार उघडून एकाने बोलावलेली मेथड दुसऱ्यात खरंच आहे का ते तपासतो. व्हर्जनचे आकडे जुळवण्यापेक्षा हे मला जास्त पटतं.

रात्रपाळी
माहितीये, ऑप्शनल डिपेंडन्सीजवर फार ओरडतो, एक्सक्लूजनची फाईल लिहावीच लागते. तरी नव्या सर्व्हिसवर लावायला माझी हरकत नाही. जुन्यांवर मी अपर बाउंडच्या पुढे जाणार नाही, तिथे वर्षानुवर्षं चालू असलेलं झाड एका पीआरमध्ये (कोडबदलाच्या प्रस्तावात) हलवणं म्हणजे क्लासपाथकरांना ज्या एररची भीती वाटते तोच स्वतःहून बोलावणं.

क्लासपाथकर
मग त्या जुन्या सर्व्हिसेसच्या सोडवलेल्या झाडाची यादी तरी गिटमध्ये ठेवा, आणि ती बदलली की पीआरमध्ये डिफ दिसू द्या. त्याने बिल्ड पडत नाही, झाड हलत नाही. यालाही विरोध आहे का?